चालतंय हा पुरावा नव्हे

माझ्या सत्तराव्या वाढदिवसाला मुलाने मनगटी घड्याळ दिलं, सुनेने पैठणी दिली आणि समोरच्या फ्लॅटमधल्या गजभियेसाहेबांनी कुकरची रिंग दिली. लाल चकचकीत कागदात गुंडाळलेली. सोबत ठसठशीत अक्षरात चिठ्ठी: ‘जुनी आजच काढावी. चालतंय हा पुरावा नव्हे. शुभेच्छा.’

जुनी मी काढली नाही. पैठणीशेजारी ती रिंग बघून पाहुणे हसले होते, त्याचा राग मी रिंगेवर काढला. पुढच्या बुधवारी कुकरने माझ्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर तुरीच्या डाळीचा महाराष्ट्र काढला, कोकणपट्टीसकट. आधी साहेबांच्या पत्नी शालिनीताई धावत आल्या, त्यांच्यामागून सावकाश साहेब. त्यांनी चष्मा लावून भिंत वरपासून खालपर्यंत वाचली आणि म्हणाले, “मी काही बोलत नाही.” काही न बोलण्याची ही त्यांची पद्धत.

गजभियेसाहेबांची सगळी नोकरी म्हाताऱ्या अणुवीज केंद्रांच्या सहवासात गेली. असं केंद्र बांधतानाच त्याचं वय ठरवून ठेवतात म्हणे. ते वय भरलं की प्रश्न येतो: आता बंद करायचं, की नीट तपासून, बदलायचं ते बदलून, आणखी काही वर्षं चालवायचं? हे ठरण्याआधी जी माणसं महिनोन्‌महिने त्या केंद्राच्या पोटात शिरून एकेक नळी, एकेक वायर, एकेक सांधा बघतात, त्यांतले साहेब एक. निवृत्तीनंतरही त्यांना बोलावणी यायची. बॅग भरून जायचे, दहा दिवसांनी परत यायचे. कसं होतं, असं विचारलं तर “म्हातारं आहे, पण प्रामाणिक आहे” असं सांगायचे. किंवा “नुकताच रंग दिलाय. मला आवडलं नाही.” ऐकणाऱ्याला वाटावं, गृहस्थ स्थळ बघून आलेत.

ते कोथरूडला आमच्या सोसायटीत राहायला आले तेव्हा मी बावन्न वर्षांची होते. म्हणजे तरुण आणि मूर्ख. टेलिफोन खात्यात ट्रंक कॉल जोडण्यात उमेदीची वर्षं गेलेली. निम्म्या देशाचं बोलणं आपण ऐकलंय, तेव्हा आपल्याला सगळं कळतं, अशी माझी पक्की समजूत. त्यात सोसायटीची सेक्रेटरी. अणुभट्टीतला माणूस समोर येतोय म्हटल्यावर मी दाराबाहेरची तुळस आत घेतली. शालिनीताईंना जिन्यात गाठून विचारलं, “अहो, साहेब अंधारात चमकतात का हो?”

शालिनीताईंनी भाजीची पिशवी खाली ठेवली. शांतपणे म्हणाल्या, “चमकत असते तर लोडशेडिंगमध्ये कामाला नसते आले?”

तिथेच मी शहाणी व्हायला हरकत नव्हती. पण त्यांच्या दाराशी जिन्यात एक हिरवी ट्रंक आठवडाभर पडून होती आणि ती बघून मला घाम फुटत होता. मी फलकावर सूचना लावली: ‘अणुविषयक वस्तू सामाईक जागेत ठेवू नयेत. – सेक्रेटरी.’ दुसऱ्या दिवशी खाली त्याच ठसठशीत अक्षरात उत्तर: ‘सूचना वाचली. ट्रंकेत कुरडया आहेत. तपासणीस हरकत नाही.’ तो कागद माझ्या नातीने कुठूनसा शोधून फ्रेम करून ठेवलाय. मी मेल्यावर बहुतेक माझ्या फोटोशेजारी लावणार.

तपासणीला मी गेले. कुरडया निघाल्या, आणि शालिनीताईंनी गरमागरम पुडाची वडी पुढे केली. ही त्यांच्या भंडाऱ्याकडची वडी: डाळीच्या पिठाच्या पुडात भरपूर कोथिंबिरीचं सारण, आणि खमंग तळलेली. पहिल्याच घासाला माझ्या डोळ्यांतून, नाकातून आणि मला वाटतं कानांतूनही पाणी आलं. साहेबांनी समोर बसून, घामाचा थेंबही न काढता, चार वड्या संपवल्या आणि माझ्याकडे करुणेने बघत म्हणाले, “पुण्याची जीभ. गोड वरणावर वाढलेली.” हे वाक्य त्यांनी मला पुढची वीस वर्षं ऐकवलं.

साहेबांचे प्रश्न तीनच. काय झिजतंय? कशामुळे झिजतंय? आणि मोडायच्या आधी आपल्याला ते कळेल कसं? या तीन प्रश्नांनी ते सोसायटीचा पंप तपासायचे, माझ्या चपला तपासायचे, आणि एकदा चेअरमनचं भाषण चालू असताना त्यांनी खुर्चीखाली वाकून चेअरमनची खुर्चीही तपासली होती. दर शनिवारी सकाळी त्यांची फेरी असे. हातात पितळी हातोडी, बोटाएवढी. जिन्याच्या कठड्यावर टक्, लिफ्टच्या दारावर टक्. कागदावर विश्वास नाही. लिफ्टवाला तपासणीचा दाखला दाखवायला लागला की म्हणायचे, “तो तुमच्याकडे ठेवा. शेवटचं उघडून कधी पाहिलं ते सांगा.” लिफ्टवाला शनिवारी यायचा बंद झाला.

मी त्यांची नक्कल करायचे. बऱ्यापैकी करते अजून. पण एकदा ऊन खात बसलो असताना त्यांनी एक गोष्ट सांगितली, तिची नक्कल मला कधी जमली नाही. म्हणाले, केंद्रात जवळजवळ सगळं बदलता येतं. नळ्या, वायरी, पंप. पण काही केंद्रांत मधोमध एक पोलादी भांडं असतं, ज्याच्या आत सगळा खेळ चालतो. ते बदलता येत नाही. वर्षानुवर्षं मारा सोसून त्याचं पोलाद आतून ठिसूळ होत जातं, आणि बाहेरून काही दिसत नाही.

“मग तपासता कसं? हातोडीने?”

“भांड्याला धक्का लावायचा नाही. त्याच पोलादाचे छोटे तुकडे पहिल्या दिवसापासून आत ठेवलेले असतात. भांडं जे सोसतं ते तेही सोसतात. काही वर्षांनी एक तुकडा बाहेर काढायचा आणि तोडून बघायचा. भांड्याची तब्येत तुकडा सांगतो.”

मी म्हटलं, भेंडीचं टोक मोडून बघतो तसंच की. साहेब विचारात पडले. म्हणाले, “हे मला परिषदेत सांगायला हवं होतं.” त्या दिवशी मला उगाचच पदवी मिळाल्यासारखं वाटलं.

चार वर्षांपूर्वी शालिनीताई विसरायला लागल्या. आधी चष्मा, मग दुधाची पिशवी, मग त्या आमच्याच जिन्यात उभ्या राहून आपला मजला कोणता ते विचारायला लागल्या. डॉक्टरांनी त्यांना आजचा वार, महिना, शंभरातून सात वजा, असलं काय काय विचारलं. तिथून परत येताना रिक्षात त्या रडल्या, मी सोबत होते. “शाळेत नापास नाही झाले कधी,” एवढंच म्हणाल्या. साहेब रस्त्याकडे बघत होते.

त्यानंतर साहेबांचा एक नवा चाळा सुरू झाला. रविवारी दहाच्या चहाला मी त्यांच्याकडे असते. हॉलमधल्या बुद्धमूर्तीसमोर शालिनीताई मोगरा ठेवून बसल्या की साहेब करड्या पुठ्ठ्याची वही घेऊन समोर यायचे आणि विचारायचे, “शालू, पुडाच्या वडीत काय काय पडतं?”

शालिनीताई खुशीत सांगायच्या. कोथिंबीर. सुकं खोबरं. खसखस, तीळ, आलं-लसूण, चिंचगुळाचं पाणी. साहेब लिहून घ्यायचे. पुढच्या रविवारी पुन्हा तेच. मला वाटलं, गृहस्थ वडीसाठी हपापलाय आणि बायकोकडून अशा आडवळणाने वसूल करतोय. मी ते तोंडावर बोललेही. साहेब फक्त म्हणाले, “नोंद ठेवतोय.” आणि नोंद एकदा झाली की तिला मागाहून हात लावायचा नाही, हा त्यांचा कडक नियम. शाईचा डाग पडला तरी डागाखाली सही करत.

यादी सांगून झाली की शालिनीताई माझ्याकडे वळून हळू आवाजात आणखी एक वाक्य बोलायच्या आणि आम्ही दोघी खुसखुसायचो. साहेब चष्म्यावरून बघायचे. त्यांना वाटायचं आम्ही वहीला हसतोय. मला वाटायचं त्यांना ऐकू आलंय आणि ते आव आणताहेत. वीस वर्षांच्या शेजारात माणसं एकमेकांविषयी अशी खातरजमा न करता गृहीत धरून चालतात.

मग गेल्या थंडीत ते दुधाचं झालं. शालिनीताईंनी दूध तापत ठेवलं, ते उतू जाऊन गॅस विझला, वास जिन्यात आला. मी मागच्या दाराने जाऊन शेगडी बंद केली, खिडक्या उघडल्या. साहेब पलीकडच्या खोलीत वर्तमानपत्र वाचत होते. काही झालं नाही. पण मी मनीषाला फोन केला. मनीषा त्यांची एकुलती मुलगी, बंगळुरात असते. ती दुसऱ्या दिवशी आली.

पोरगी वाईट नाही. डोळे सुजलेले, फोन सारखा वाजतोय, आणि ती वडिलांसारखीच मुद्द्याने बोलते. खडकवासल्याच्या रस्त्याला अशा पेशंटना सांभाळणारी एक चांगली जागा तिने बघून ठेवली होती. आई तिथे राहील. बाबा बंगळूरला, तिच्याकडे. महिन्यातून एकदा भेटायला आणीन, म्हणाली.

बावन्न वर्षांचा संसार. त्याचे दोन भाग दोन गावांना.

साहेब भांडले नाहीत. म्हणाले, “निर्णय तू घे. पण आढाव्याशिवाय घेऊ नकोस. आठ दिवस दे.”

“आढावा कोण घेणार, बाबा? तुम्हीच?”

“छे. आपल्याच केंद्राचा आढावा आपण घ्यायचा नसतो. बाहेरचा माणूस लागतो.” आणि त्यांनी हातोडी माझ्यापुढे धरली. “लिमयेवहिनी घेतील.”

मी म्हटलं, साहेब, मी आयुष्यात फक्त भेंडी तपासली आहे. ते म्हणाले, तेवढं पुरे.

आठ दिवस मी समोरच्या घरात वही घेऊन बसले. सुरुवातीला गंमत वाटली. सांधेदुखीमुळे मला नाही वाकता येत, म्हणून पलंगाखालच्या गोष्टी मी ‘विश्वासावर’ असं लिहून सोडल्या. पण जसजसं बघत गेले तसतशी माझी नक्कल करायची खोड गळून पडली. प्रत्येक कपाटावर आत काय आहे त्याचं चित्र. अक्षर नव्हे, शालिनीताईंना अक्षरं लागेनाशी होतील हे त्यांनी आधीच धरलं होतं. न्हाणीघराची कडी काढलेली. गोळ्यांच्या डबीला रोजचा रंग. संडासाच्या वाटेवर पायाला लागेल अशी काथ्याची पट्टी, म्हणजे दिवा नसला तरी पावलाला रस्ता कळेल. तिन्ही प्रश्न या माणसाने बायकोच्या प्रत्येक पावलाला विचारले होते.

पाचव्या दिवशी मला दोष सापडला.

शालिनीताई न्हाणीघरात होत्या. “अहो,” त्यांनी हाक मारली. “अहो, टॉवेल.” साहेब हॉलमध्ये लसूण सोलत होते. पुन्हा हाक आली. चौथ्या हाकेला मीच टॉवेल घेऊन गेले. “हे येतच नाहीत,” शालिनीताई म्हणाल्या. “त्या दिवशी दूध वर आलं तेव्हाही बोलावलं. मनीषाला सांगितलं मी. ती म्हणे, बरं आई.”

विसरणाऱ्या बाईचं खरं कोण धरतो?

हॉलमध्ये येऊन मी पदर तोंडावर धरला आणि नेहमीच्या आवाजात म्हटलं, “साहेब, चहा टाकू का?” उत्तर नाही. “साहेब, तुमच्या अणुभट्टीला आग लागलीय.” साहेबांनी शांतपणे पुढची पाकळी सोलली. अरे देवा. ज्या बाईने तीस वर्षं ‘हॅलो, ऐकू येतंय का’ यावर पोट भरलं, तिला समोरचा माणूस ओठ बघून बोलतोय हे कळायला एवढी वर्षं लागावीत. कुकरची शिट्टी झाली की ते उठायचे, तेसुद्धा शिट्टी वर उडताना बघून. सगळ्या जगाचं उघडून पाहणाऱ्या माणसाने आपले कान काही उघडून पाहिले नव्हते. चालत होते ना.

आठव्या दिवशी मी आढावा लिहिला. त्यात कान नव्हते. म्हटलं, आधीच एकीचं विसरणं, त्यात दुसऱ्याचं हे कळलं तर पोरगी संध्याकाळच्या आतच दोघांची बॅग भरेल. सगळं ठीक, असं लिहून खाली झोकात सही केली आणि साहेबांना दाखवली.

त्यांनी दोन्ही पानं वाचली. “एकही दोष नाही?”

मी मान हलवली.

“वहिनी, बिनदोषाचा आढावा आला की मी परत पाठवायचो. दोष सापडला नाही म्हणजे बघितलं नाही. किंवा बघितलं आणि लपवलं. दुसऱ्या प्रकाराला आम्ही जास्त भ्यायचो.”

मी जमिनीकडे बघत म्हटलं, “साहेब, तुम्हाला ऐकू येत नाही.”

“काय?” साहेब म्हणाले.

एरवी मी आठवडाभर हसले असते. मी वही ओढली, तेच वाक्य लिहिलं, खाली दुधाच्या दिवशीच्या हाकांचं लिहिलं आणि वही त्यांच्यापुढे सरकवली. त्यांनी ते दोनदा वाचलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

“तिने मला बोलावलं होतं?”

मी मान हलवली.

त्यांनी पेन माझ्यापुढे ठेवलं. मग म्हणाले, “हे पहिल्या पानावर घ्या. ठळक.”

मनीषाने आढावा उभ्यानेच वाचायला घेतला आणि पहिल्या पानावरच ती खाली बसली. आईने हाक मारली होती हे वाक्य तिने बोटाने दोनदा गिरवलं. मग ती आत गेली आणि आईच्या मांडीवर डोकं ठेवून पडून राहिली. शालिनीताई तिला थोपटत होत्या. मुलीला ओळखून की नुसत्याच, ते विचारायची माझी हिंमत झाली नाही.

शेवटी मुदतवाढ मिळाली. एक वर्ष, अटींसह. साहेबांनी कानाचं यंत्र लावायचं आणि दर तीन महिन्यांनी तपासून घ्यायचं. गॅसची शेगडी जाऊन आपोआप बंद होणारी विजेची यायची. सकाळ-संध्याकाळ एक बाई. आणि रोज आठ वाजता लिमयेवहिनींनी येऊन सगळं हात लावून बघायचं. वर्षाने पुन्हा आढावा. तेव्हा जे दिसेल ते लिहायचं. साहेबांनी सही केली आणि मनीषाला म्हणाले, “हे कायमचं नाही, मला माहीत आहे. कायमची मुदत आम्ही कुणालाच देत नसू.”

यंत्र आलं त्यानंतरचा पहिला रविवार. साहेब दचकत होते; चमच्याचा आवाज, पंख्याचा आवाज. माझ्या आवाजाबद्दल म्हणाले, “तुम्ही नेहमीच एवढ्या मोठ्याने बोलता?” मग वही उघडून त्यांनी विचारलं, “शालू, पुडाच्या वडीत काय काय पडतं?”

तेव्हा मी पहिल्यांदा त्यांच्या शेजारी बसून ती वही पाहिली. पहिल्या पानावर अकरा जिन्नस. मग दहा. तीळ गेले. खसखस गेली, एकदा परत आली, पुन्हा गेली. चिंचगूळ गेला. प्रत्येक रविवारी तारीख आणि सही; शेरा काही नाही. वार-महिना विचारून बायकोला त्यांनी कधी दुखावलं नव्हतं. तिला आवडणारा एक तुकडा तेवढा दर आठवड्याला बाहेर काढून बघत होते, आणि मी त्यांना हपापलेला म्हणाले होते.

“कोथिंबीर,” शालिनीताई म्हणाल्या. बराच वेळ मोगऱ्याकडे बघत राहिल्या. “पीठ.” साहेबांनी दोन शब्द लिहिले आणि पेनाचं टोपण उचललं.

तेवढ्यात त्या नेहमीसारख्या माझ्याकडे वळल्या आणि हळूच म्हणाल्या, “ह्यांच्या चार बाजूला काढायच्या. बिनमिरचीच्या. ह्यांना तिखट सोसत नाही, पण सांगायचं नाही हो. सासूबाईंसमोर फुशारकी मारलीय.”

साहेबांचा हात तसाच राहिला. त्यांनी आधी बायकोकडे बघितलं, मग माझ्याकडे.

“हे ती… आज म्हणाली?”

“दर रविवारी म्हणतात,” मी म्हटलं. “वहीच्या पहिल्या पानापासून. एक शब्द इकडचा तिकडे नाही.”

वीस वर्षं मला गोड वरण ऐकवणारा माणूस समोर बसला होता. बोलायला मला एवढी मोठी संधी आयुष्यात मिळाली नव्हती, आणि मी गप्प बसले.

साहेबांनी आजच्या नोंदीखाली ते वाक्य जसंच्या तसं लिहिलं. मग वही उलटी चाळत मागच्या रविवारावर गेले आणि तिथेही लिहिलं. मग त्याच्या मागच्या. नोंदीला मागाहून हात लावायचा नाही म्हणणारा माणूस खाली मान घालून एकेक पान मागे जात होता, चार वर्षं मागे, आणि प्रत्येक तारखेखाली बारीक अक्षरात तेच: ह्यांच्या चार बाजूला काढायच्या.

मध्येच थांबून त्यांनी वही माझ्याकडे सरकवली.

“साक्षीदार म्हणून तुमची सही लागेल,” म्हणाले. “प्रत्येक पानावर.”

मी केली. हात दुखेपर्यंत केली.